विणलेला कुत्रा दोन दिवसांत बसतो: पाय पसरण्याच्या तक्रारीचे मूळ आणि दुरुस्ती

लोकरीचा छोटा कुत्रा विणून पूर्ण झाला की त्या संध्याकाळी तो टेबलावर ऐटीत उभा असतो. दुसऱ्या दिवशी त्याचे मागचे पाय किंचित बाहेर सरकतात आणि तिसऱ्या दिवशी तो पोट टेकून, चार पाय चार दिशांना टाकून बसलेला सापडतो. ही तक्रार मी गेली सात-आठ वर्षे ऐकते आहे आणि त्याआधी काही वर्षे ती माझी स्वतःचीच होती. ग्वाल्हेरला थंडी कडक असते, त्यामुळे लष्कर भागातल्या आमच्या जुन्या मराठी घरांमध्ये स्वेटर न येणारी बाई सापडणे एके काळी कठीण होते. आता स्वेटर विकतचे येतात आणि विणण्याची सवय असलेले हात अशा खेळण्यांकडे वळले आहेत. शनिवारी दुपारी माझ्या ओट्यावर ज्या चार-पाच जणी विणायला बसतात, त्या सगळ्या रोज गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी घालणाऱ्या आहेत. त्यांना पुस्तकातले गुबगुबीत, आखूड पायांचे परदेशी पिल्लू नको असते. त्यांना कोपऱ्यावरचा भुऱ्याच हवा असतो. अडचण तिथेच सुरू होते, कारण आपला गावठी कुत्रा सडपातळ अंगाचा आणि उंच पायांचा असतो, आणि लोकरीत उभे करायला सर्वांत अवघड काही असेल तर ते उंच, बारीक पाय.

कुत्रा बसला की जवळजवळ प्रत्येक जण एकच उपाय करते: पायाची शिवण उसवायची आणि आत आणखी भरण कोंबायचे. मीही तेच करत असे. दोन दिवस बरे वाटते आणि मग पाय पूर्वीपेक्षा जाड होऊन पुन्हा पसरतात. विणलेले कापड म्हणजे एकमेकांत अडकवलेले फासे. आतून दाब आला की प्रत्येक फासा थोडा थोडा उघडतो, पायाचा घेर वाढतो आणि कोंबलेल्या भरणाला पुन्हा सैल जागा मिळते. म्हणजे आपण पाय घट्ट करत नसतो, फक्त फुगवत असतो. दोष बहुतेक वेळा भरणाच्या आधी, विणीत किंवा जोडात झालेला असतो, आणि तो कुठे आहे हे कळल्याशिवाय उसवायला घेऊ नये.

आधी एक बोट लावून पाहावे

मागच्या पौषात समोरच्या वाड्यातली सून तिचा काळा कुत्रा ओढणीत गुंडाळून घेऊन आली. "काकू, हा परत बसला बघा," म्हणाली. तिने तो तिसऱ्यांदा भरला होता. मी त्याला टेबलावर उभा केला आणि पाठीवर फक्त एका बोटाने, वजनकाट्याचे पारडे दाबावे तसा हलका दाब दिला. पाय मध्ये कुठेही वाकले नाहीत. ते काठीसारखे ताठच राहिले, पण पोटाशी जिथे जोडले होते तिथून दार उघडावे तसे बाहेर फिरले. त्या एका हालचालीत निम्मे निदान झाले: तिने पायांत कितीही भरले असते तरी उपयोग नव्हता, कारण बिजागरी पायात नव्हती, जोडात होती.

या परीक्षेत तीनच गोष्टी दिसू शकतात. पाय गुडघ्यासारखा मधेच मोडत असेल तर वीण सैल आहे किंवा भरणात पोकळी राहिली आहे. पाय ताठ राहून मुळाशी फिरत असेल तर जोड चुकला आहे. पाय आणि जोड दोन्ही धड असून पोट दोन पायांच्या मधे खाली येत असेल, किंवा कुत्रा नाकावर पडत असेल, तर धड पोचट आहे किंवा डोके जड आहे. एकाच कुत्र्यात दोन दोष असणे अगदी सामान्य आहे. अशा वेळी आधी जोड सुधारावा, कारण त्यासाठी पूर्ण पाय पुन्हा विणावा लागत नाही.

त्या काळ्या कुत्र्यात दुसरा दोषही होता आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मांडीजवळ काळ्या टाक्यांच्या मधून आतले पांढरे भरण ठिपक्यांसारखे डोकावत होते. गडद लोकरीचा हा एक फायदा आहे. सैल विणीची चुगली ती लगेच करते. फिक्या लोकरीत तोच दोष लपून राहतो आणि आपण भलत्याच ठिकाणी कारण शोधत बसतो. तोटा इतकाच, की काळ्या लोकरीच्या ओळी मोजताना डोळ्यांना पाणी येते. मांडीवर पांढरा पंचा पसरून विणले की टाक्यांच्या मधली जागा पांढरी दिसते आणि मोजणे पुष्कळ सोपे होते.

सुईचा नंबर

स्वेटर विणणाऱ्या हाताला खेळणे विणताना पहिली चूक इथे होते. स्वेटरची वीण लवचिक आणि मऊ हवी असते, म्हणून लोकरीच्या गुंड्यावरच्या पट्टीवर जो सुईचा आकार छापलेला असतो, तो अंगात घालण्याच्या कपड्यासाठी असतो. खेळण्याची वीण याच्या उलट, जवळजवळ कापडासारखी दाट हवी. चार पदरी लोकरीला स्वेटरसाठी 3.25 मिलिमीटरची, म्हणजे आपल्या दुकानातली 10 नंबरची सुई चालते. त्याच लोकरीने कुत्रा विणायचा असेल तर 12 नंबरची, म्हणजे 2.75 मिलिमीटरची सुई घ्यावी. विणताना बोटांना थोडा त्रास होतो आणि सुरुवातीला टाका सुईवर पुढे सरकत नाही, पण तो त्रास होत नसेल तर वीण सैल पडते आहे असेच समजावे.

दोन नंबरांचा फरक किरकोळ वाटतो, म्हणून एकदा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 10 नंबरच्या सुईवर 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 28 टाके आणि 36 ओळी बसतात. माझ्या हाताने 12 नंबरवर 32 टाके आणि 42 ओळी बसतात. आता 16 टाके आणि 26 ओळींचा एक पाय घ्या. बाजूच्या शिवणीत दोन टाके जातात, उरतात 14. बारीक सुईवर त्या पायाचा घेर सुमारे 4.4 सेंटिमीटर आणि उंची 6.2 सेंटिमीटर होते. जाड सुईवर तोच पाय 5 सेंटिमीटर घेराचा आणि 7.2 सेंटिमीटर उंचीचा होतो. घेर आणि उंची दोन्ही वाढल्यामुळे आतली जागा सुमारे दीडपट होते. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, आणि भरण मात्र दीडपट. त्यातही ते अडवून धरणारे फासे मोठे. असा पाय उभा राहिला तर आश्चर्य मानावे.

सुई निवडताना होणारा घोटाळा वेगळाच आहे. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत, म्हणजे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: 8 नंबर 4 मिलिमीटर, 10 नंबर 3.25, 12 नंबर 2.75 आणि 14 नंबर 2 मिलिमीटर. अमेरिकी नंबर याच्या नेमके उलट चालतात. तिकडची 2 नंबरची सुई म्हणजे आपली 12, आणि तिकडची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची असते. अमेरिकी नमुन्यातला नंबर तसाच उचलून दुकानात "आठ नंबरची सलाई द्या" म्हटले, तर दुकानदार 4 मिलिमीटरची सुई देतो आणि आपण कृतीवर राग काढतो. आमच्याकडे आणखी एक गंमत आहे: घरात आम्ही सुई आणि टाका म्हणतो, दुकानात सलाई आणि फंदा, आणि लोकरीला ऊन. लोकर मागणाऱ्या मराठी बाईकडे ग्वाल्हेरचा दुकानदार काही क्षण नुसता पाहत राहतो. या सगळ्या भाषांतून एकच माप सुखरूप पार पडते, ते मिलिमीटरचे, तेच वाचावे. जुन्या ॲल्युमिनियमच्या सुयांवरचे आकडे झिजलेले असतात, अशा सुया भोके असलेल्या मापपट्टीतून घालून पाहाव्यात.

पाय जिथे पोटाला मिळतो

आता जोड, कारण बहुतेक कुत्रे इथेच बसतात. नेहमीची पद्धत अशी असते: पाय विणायचा, भरायचा, वरचे तोंड चपटे करून शिवून बंद करायचे आणि ती सरळ रेघ पोटाला टाचायची. बसलेल्या किंवा लोळणाऱ्या कुत्र्यासाठी हे ठीक आहे, कारण तिथे पाय हलायलाच हवेत. उभ्या कुत्र्यासाठी मात्र ती चपटी रेघ म्हणजे हुबेहूब बिजागरी: तिच्या दोन्ही बाजूंना भरण आहे आणि रेघेवर काहीच नाही. दाब आला की पाय त्याच रेघेवर फिरतो.

म्हणून पायाचे वरचे तोंड बंद करू नये. ते गोल आणि उघडे ठेवावे आणि गोलातच शिवावे. वरच्या मापाच्या पायाचा व्यास सुमारे 1.4 सेंटिमीटर येतो. धडावर तेवढा गोल रंगीत दोऱ्याने आधी आखून घ्यावा. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की विणीतला टाका उंचीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे धडावरचा गोल आडवा साडेचार टाक्यांचा आणि उभा सहा ओळींचा असतो. दोन्हीकडे सारखे मोजले तर गोल लांबट होतो आणि पाय एका बाजूला झुकतो. शिवताना पायाच्या कडेचा एक टाका आणि धडावरची एक आडवी दोरी, अशी शिडी चढत जावे. दोन तृतीयांश गोल शिवून झाला की थांबावे आणि उरलेल्या फटीतून थोडे थोडे भरण असे ढकलावे की त्याचा गोळा अर्धा पायात आणि अर्धा धडाकडे दाबून बसेल. ही डाट बसली की बिजागरी नाहीशी होते. धड मात्र त्याआधीच घट्ट भरलेले असले पाहिजे, नाहीतर डाट आत बुडते.

ज्यांना चार सुयांवर मोजे विणता येतात त्यांनी शिवणाचा हा खटाटोपच टाळावा. आखलेल्या गोलावरून 14 टाके सरळ उचलून पाय वरून खाली गोलात विणत जावे. मग पाय आणि धड यांची पोकळी एकच होते आणि भरण सलग राहते. पहिल्या फेरीत प्रत्येक टाका मागच्या बाजूने विणला तर कोपऱ्यांवर भोके पडत नाहीत. माझ्या मते उंच पायांच्या कुत्र्यासाठी हीच पद्धत उत्तम आहे, पण दोन्ही टोकांच्या सुया हातात धरायच्या म्हटल्या की आमच्या ओट्यावर शांतता पसरते, हेही खरे.

जागा आणि कोन यांचाही विचार करावा लागतो. पाय पोटाच्या तळाला, टेबलाला जोडावेत तसे, जोडले तर ते बाहेर घसरणारच. खऱ्या कुत्र्याकडे बाजूने नीट पाहिले तर पुढचा पाय खांद्यातून, म्हणजे कुशीवरून उतरतो. म्हणून पायाच्या गोलाची बाहेरची कड कुशीवर दोन-तीन ओळी वर चढवावी आणि आतली कड पोटावर राहू द्यावी. पुढचे पाय डोक्याच्या मागच्या भागाच्या बरोबर खाली यावेत. ते एक सेंटिमीटर जरी मागे गेले तरी कुत्रा नाकावर पडतो. टपाल खात्याने 2005 साली मुधोळ, राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयी मेंढपाळ कुत्रा अशा चार भारतीय जातींची तिकिटे काढली होती. आमच्यातल्या एकीने मुधोळ विणायला घेतला तेव्हा अंगाच्या मानाने त्याचे पाय किती लांब असतात हे पाहून आम्ही आधीच हात जोडले. अशा कुत्र्याचा पाय जाडीच्या चौपटीहून उंच जायला लागला की नुसत्या भरणावर तो तग धरत नाही, असा माझा अनुभव आहे. तिथे त्याच लोकरीची एक अरुंद पट्टी विणून, ती वातीसारखी घट्ट वळून पायाच्या मधोमध उभी घालावी आणि तिच्या भोवती भरण द्यावे.

आधीच पूर्ण झालेला कुत्रा उसवायचा नसेल, तर दुरुस्तीचा एक आडमार्ग आहे आणि समोरच्या सुनेच्या काळ्या कुत्र्यावर मी तोच वापरला. त्याच लोकरीचा दुहेरी धागा लांब दाभणात ओवला. डाव्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, जोडापासून पाच ओळी खाली दोन टाके पकडून धागा पायातूनच वर नेला, पोटातून आडवा पार केला आणि उजव्या पायात तेवढ्याच खाली, आतल्याच बाजूला काढला. तिथले दोन टाके पकडून त्याच वाटेने परत आणला. मग दोन्ही टोके हळूहळू ओढत गेले, तसे पाय एखाद्याने दटावल्यासारखे आत येऊन सरळ झाले. पुढच्या पायांनाही तसाच एक धागा घातला. गाठ मारून टोके पोटात सोडली. पायाला आत धरून ठेवणारी ही शीर बाहेरून दिसत नाही. धागा फार ओढला तर पाय एकमेकांत अडकतात आणि कुत्रा लाजल्यासारखा दिसतो, म्हणून ओढताना दर वेळी उभा करून पाहावे.

भरण, इस्त्री आणि उरलेल्या गोष्टी

भरणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जुन्या उशीचा कापूस वापरू नये. तो दाबला गेला की वर येत नाही आणि पावसाळ्यात ओल धरतो. पॉलिएस्टरचा तंतू घ्यावा, तो हाताने पिंजून मोकळा करावा आणि चिमटीएवढा घेऊन पंजापासून भरत यावे. मोठा बोळा एकदम ढकलला की त्याच्या वर-खाली पोकळी राहते आणि पाय नेमका तिथेच मोडतो. ढकलायला सुईचे मागचे टोक वापरावे. पुढचे टोक टाक्यांतून बाहेर येते.

इस्त्रीचा धडा मी स्वतःच्या खर्चाने शिकले. आमचा ग्वाल्हेरचा मेळा, जो 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला आणि आजही हिवाळ्यात भरतो, तिथून मी एका वर्षी स्वस्तात पुष्कळ लोकर आणली आणि संक्रांतीला नातवंडांना देण्यासाठी सहा कुत्रे विणायला घेतले. एका बाजूने सुलट आणि दुसऱ्या बाजूने उलट विणलेल्या तुकड्याच्या कडा नेहमीच गुंडाळतात. त्या सपाट व्हाव्यात म्हणून मी ओले फडके ठेवून सगळ्या तुकड्यांवर गरम इस्त्री फिरवली. तुकडे सुंदर सपाट झाले आणि सहाच्या सहा कुत्रे बसले. ती लोकर मेंढीची नव्हती, ॲक्रिलिक होती, ज्याला आमच्या बाजारात कॅशमिलॉन म्हणतात. ॲक्रिलिकला वाफेची उष्णता लागली की त्याचा ताण कायमचा जातो. वीण लुळी पडते आणि धुतले, वाळवले तरी परत येत नाही. त्यावर दुरुस्ती नाही, तुकडे नव्यानेच विणावे लागतात. आपली लोकर कोणती हे माहीत नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, पेटवून पाहावा: खरी लोकर केस जळल्यासारखी वास देते आणि तिची राख बोटांत चुरडते, तर ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. कडा गुंडाळतातच, त्या शिवताना आपोआप आत जातात, त्यांची काळजी करू नये.

चार पायांची उंची सारखी नसणे हा दोष पसरण्यासारखाच दिसतो, पण तो वेगळा आहे. तिपाई कुठल्याही जमिनीवर स्थिर राहते, चौरंगाचा एक पाय जरा आखूड असला की डुगडुगतो; कुत्र्याचेही तसेच. एक पाय अधांतरी राहिला की वजन तिघांवर जाते आणि त्यांतला एक लवकर थकतो. पाय पट्टीने मोजू नये, कारण विणलेला तुकडा हवा तसा ताणता येतो, ओळीच मोजाव्यात. शक्य असेल तर चारही पाय एकाच बैठकीत विणावेत, कारण सकाळचा हात आणि रात्री मालिका पाहतानाचा हात यांची घट्टी सारखी नसते. काळ्या कुत्र्याचा उजवा मागचा पाय दोन ओळी आखूड निघाला. मी पंजा उसवून वाढवायला निघाले, तेव्हा सून म्हणाली, "राहू द्या काकू, खरा काळूही त्याच पायाने लंगडतो." तो तसाच ठेवला आणि पंजाखाली जाड फेल्टची एक गोल चकती शिवली.

तार घालून पाय ताठ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कपाटात ठेवायच्या शोभेच्या कुत्र्यासाठी तो चालेल, तारेची टोके वळवून त्यांवर कापडी पट्टी गुंडाळली असेल तर. मुलांच्या हातात जाणाऱ्या खेळण्यात तार घालू नये. वाकवून वाकवून ती तुटते आणि टोक विणीतून सहज बाहेर येते. पंजे जड करण्यासाठी मणी किंवा खडे भरण्यालाही हेच लागू आहे. तीन वर्षांखालच्या मुलासाठी कुत्रा असेल तर प्लॅस्टिकचे डोळेही टाळावेत आणि काळ्या धाग्याने डोळे भरावेत.

दुरुस्त झालेला कुत्रा पुन्हा बसतो तो बहुधा पहिल्या धुण्यानंतर. भिजलेल्या भरणाचे वजन पायांवर येते आणि ओली वीण सहज ताणली जाते. म्हणून धुताना गार पाणी घ्यावे, पिळू नये, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढावे. कान किंवा शेपटी चिमट्यात धरून दोरीवर टांगू नये. पूर्ण वाळेपर्यंत त्याला कुशीवर निजवावे, पायांच्या मधे घडी घातलेला हातरुमाल ठेवावा आणि अर्ध्या दिवसाने कूस बदलावी. ग्वाल्हेरच्या थंडीत याला दोन दिवस सहज लागतात. बाहेरची लोकर आधी वाळते आणि आतले भरण ओलेच असते, म्हणून पोट दाबून गार लागत नाही ना हे पाहूनच त्याला पायांवर उभे करावे.